एका स्वल्पविरामाची किंमत

जुन्या बखरींत स्वल्पविराम शोधून सापडायचा नाही. मराठीत तो एकोणिसाव्या शतकात इंग्रजीच्या वळणाने आला. मेजर कँडीसाहेबांनी तो रुजवला. त्याच इंग्रजीचा धडा देताना गुरुजी सांगतात, यादीतल्या शेवटच्या ‘अँड’ किंवा ‘ऑर’च्या आधी स्वल्पविराम देऊ नये. आम्हीही तेच घोकले. पण अमेरिकेतल्या मेन राज्यात २०१४ साली दूधगाड्यांचे ड्रायव्हर याच जागेवरून कोर्टात गेले.

तिथला कायदा असा, की आठवड्यात ४० तासांवर काम झाले तर दीडपट मजुरी द्यायची. नासणाऱ्या मालाची काही कामे मात्र त्यातून वगळलेली: डबाबंद करणे, सुकवणे, साठवणे वगैरे. यादीच्या शेवटी ‘शिपमेंटसाठी पॅकिंग ऑर डिस्ट्रिब्यूशन’ अशा अर्थाचे शब्द होते. ‘ऑर’च्या आधी स्वल्पविराम नाही. ओकहर्स्ट डेअरी म्हणाली, वाटप हे निराळे काम, तेही वगळलेले. ड्रायव्हर म्हणाले, छे! वगळले आहे ते पॅकिंग, मग ते रवानगीसाठी असो की वाटपासाठी. आम्ही दूध पोचवतो, पॅक करत नाही.

खालच्या कोर्टात ते हरले. मार्च २०१७ मध्ये वरच्या कोर्टाने मजकूर संदिग्ध ठरवला, आणि अशा वेळी अर्थ मजुराच्या बाजूने घ्यायचा असे म्हटले. २०१८ मध्ये डेअरीने ५० लाख डॉलरवर तडजोड केली. गंमत अशी, की तिथल्या कायदे लिहिणाऱ्यांच्या नियमपुस्तकातही आपल्या गुरुजींचाच नियम होता! विधिमंडळाने पुढे त्या यादीत प्रत्येक कामानंतर चक्क अर्धविराम घातले.