झाकणाखालचा पाऊस

वडाळ्याच्या आमच्या जुन्या इमारतीत मोरीच्या पाइपाशी भिंत कायम ओली असते. तिथे पावसाळ्यात हंसराज नावाचा नेचा उगवतो. देठ काळे, केसासारखे बारीक. त्यातला एक झुपका मी आजीच्या लोणच्याच्या काचेच्या बरणीत लावला. तळाला खडी, त्यावर इस्त्रीवाल्याकडून मागून आणलेला लाकडी कोळसा ठेचून, मग माती, आणि वर झाकण. दुकानात याला टेरेरियम म्हणतात. या काचघराचा मूळपुरुषही एक नेचाच आहे.

लंडनच्या गोद्यांजवळ वेलक्लोज स्क्वेअरमध्ये नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड नावाचे डॉक्टर राहत. त्यांना नेच्यांचा भारी नाद, पण कोळशाच्या धुराने झाडे जगत नसत. गिरणगावाच्या शेजारी वाढलेल्याला ती काजळी वेगळी सांगायला नको. १८२९ मध्ये त्यांनी पतंगाचा कोश ओल्या मातीत पुरून रुंद तोंडाच्या बाटलीत ठेवला. पतंग बाहेर पडायच्या आधीच मातीतून एक नेचा आणि गवताचे पाते वर आले. डॉक्टर बघत राहिले. दुपारी ओल वर चढे, काचेवर थेंब धरत, ओघळून पुन्हा मातीत मुरत. ती बाटली उत्तरेच्या खिडकीबाहेर जवळजवळ ४ वर्षे टिकली, गवताला एकदा तुराही आला. शेवटी झाकण गंजले, पाऊस आत शिरला आणि दोन्ही गेली. पाण्यावाचून नव्हे, पाण्याच्या अतिरेकाने!

तोवर जहाजावरची रोपे खाऱ्या तुषारांनी आणि पाण्याच्या टंचाईने मरत. बाटलीचाच धडा गिरवत १८३३ मध्ये वॉर्ड यांनी झाडांनी भरलेल्या दोन बंद काचपेट्या सिडनीला धाडल्या. त्या सुखरूप पोचल्या, आणि तिकडची रोपे घेऊन परत आल्या. या पेट्यांनी पुढे देशोदेशींची शेतीच बदलली. वनस्पतिसंग्राहक रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनचा चहा हिमालयात आणला तो यांतूनच. १८६० मध्ये क्लेमेंट्स मार्कहॅमची सिंकोनाची रोपे, म्हणजे हिवतापावरच्या क्विनीनची झाडे, मुंबईमार्गे निलगिरीला गेली. पण तांबड्या समुद्राच्या उकाड्याने त्यांचा जीव आधीच गेल्यात जमा होता. सिंकोना पुढे इतरांच्या बियांतून तिथे रुजला. महाबळेश्वरजवळ लिंगमळ्यालाही सरकारने तो लावून पाहिला, तिथे मात्र नाही जमला.

मार्कहॅमची चूक मीही केली. पहिली बरणी पश्चिमेच्या खिडकीत ठेवली आणि वैशाखात हंसराज अक्षरशः शिजला. काच ऊन कोंडते, हे तेव्हा ध्यानात आले. आताची बरणी उजेडात असते, उन्हात नाही. सकाळी काचेवर दव दिसले की मी निश्चिंत असते. दुपार टळली तरी ते हटले नाही, तर तासभर झाकण काढून ठेवते. पाणी गणपतीनंतर घातलेले नाही.

गेल्या आठवड्यात कोपऱ्यात गवताचे एक पाते वर आले आहे. भिंतीवरच्या मातीतूनच आले असावे. उपटायला चिमटा घेतला होता, तो परत ठेवून दिला.