शेफील्ड फुटबॉल क्लब : नियमांचा वारसा आणि मैदानाचा प्रश्न

प्रस्तावना :
इंग्लंडमधील वरच्या चार राष्ट्रीय श्रेणींखाली खेळणाऱ्या क्लबांना 'नॉन-लीग' क्लब म्हटले जाते. क्रीडा इतिहासात या क्लबांची नोंद बहुधा तळटिपेपुरतीच होते. शेफील्ड फुटबॉल क्लब मात्र त्यास अपवाद आहे. आजही अस्तित्वात असलेला जगातील सर्वांत जुना फुटबॉल क्लब म्हणून तो ओळखला जातो. तरीही सुमारे दीड शतक त्याच्याकडे मालकीचे मैदान नव्हते. या विसंगतीची कारणमीमांसा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

स्थापना व नियमावली :
नॅथॅनियल क्रेसविक आणि विल्यम प्रेस्ट या क्रिकेटप्रेमी मित्रांनी २४ ऑक्टोबर १८५७ रोजी क्लबची स्थापना केली. १८५८ मध्ये क्लबने स्वतःचे नियम तयार केले. पुढे 'शेफील्ड नियम' म्हणून ते उत्तर इंग्लंडमध्ये रूढ झाले. कॉर्नर किकसारख्या तरतुदी याच परंपरेतून आल्या. १८७७ मध्ये शेफील्ड व लंडन येथील नियमांचे एकत्रीकरण झाले. म्हणजेच आधुनिक फुटबॉलच्या जडणघडणीत या क्लबचा वाटा मूलभूत स्वरूपाचा आहे.

मैदानांचा इतिहास :
२६ डिसेंबर १८६० रोजी सँडीगेट येथे शेफील्डने हॅलम क्लबशी सामना खेळला. दोन क्लबांमधील हा पहिला सामना मानला जातो. हे दोन संघ २९ डिसेंबर १८६२ रोजी ब्रॅमॉल लेन मैदानावर पुन्हा भेटले. लँकेशायरमधील बेकार गिरणी कामगारांच्या मदतनिधीसाठी हा सामना होता. अमेरिकन यादवी युद्धामुळे निर्माण झालेल्या ज्या कापूसटंचाईने मुंबईत तेजी व सट्ट्याची लाट आणली, तिनेच हे कामगार बेकार केले होते, ही बाब भारतीय अभ्यासकांच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

ब्रॅमॉल लेन हे मुळात क्रिकेटचे मैदान. १८८९ मध्ये तेथील क्रिकेट क्लबने शेफील्ड युनायटेड हा व्यावसायिक फुटबॉल संघ उभा केला. ज्या मैदानावर शेफील्ड क्लब पाहुणा म्हणून खेळला, ते अशा रीतीने दुसऱ्या संघाचे घर झाले. विसाव्या शतकात ॲबीडेल पार्क, आउलर्टन, डॉन व्हॅली अशी स्थलांतरे होत राहिली. अखेर २००१ मध्ये क्लबला स्वतःचे मैदान मिळाले. परंतु ते शेफील्ड शहरात नव्हे, तर शेजारच्या डर्बीशायरमधील ड्रॉनफील्ड गावात.

हौशी बाणा व त्याची किंमत :
१८८५ मध्ये व्यावसायिकतेस मान्यता मिळाली, तेव्हा क्लबने हौशी राहणेच पसंत केले. १९०४ मध्ये त्याने एफ.ए. ॲमॅच्युअर चषक जिंकला. मात्र प्रेक्षक आणि त्यांच्यासोबत येणारा पैसा व्यावसायिक संघांकडे वळला. मैदानाच्या खरेदीसाठी लागणारे भांडवल हौशी क्लबाकडे साठणे शक्य नव्हते. २००४ मध्ये फिफाने 'ऑर्डर ऑफ मेरिट' देऊन क्लबचा गौरव केला. हा मान मिळालेला दुसरा क्लब रिअल माद्रिद आहे. गौरवाने मात्र आर्थिक प्रश्न सुटला नाही. जुलै २०११ मध्ये क्लबने आपले हस्तलिखित नियम, छापील नियमपुस्तिका व जुनी इतिवृत्ते लंडनमध्ये लिलावात काढली. त्यांना ८,८१,२५० पौंड मिळाले. भविष्यातील सुविधांसाठी क्लबला स्वतःचा भूतकाळ विकावा लागला.

निष्कर्ष :
हॅलम क्लब आजही सँडीगेटवरच खेळतो व ते जगातील सर्वांत जुने फुटबॉल मैदान मानले जाते. एकाच शहराच्या इतिहासात एका क्लबला जागेमुळे, तर दुसऱ्याला नियमांमुळे स्थान मिळाले. नियम जगभर पसरले आणि सर्वांचे झाले. त्यामुळे त्यांच्या जनकाला त्यातून उत्पन्न मिळाले नाही. जमीन मात्र ज्याच्या ताब्यात, त्याचीच राहिली. म्हणून स्थानिक क्रीडासंस्थांचा इतिहास लिहिताना विजय-पराजयांच्या नोंदींबरोबरच मैदानाच्या मालकीची कागदपत्रेही तपासणे अगत्याचे ठरते.