लाँगहॉर्न : एका ‘बघू’ची गोष्ट

या शुक्रवारी ऑफिसात माझ्या एका फीचरची विकेट पडली. तीन महिने खपून बनवलं होतं. क्लायंटला डेमो मीच दिला, त्यांनी टाळ्याही वाजवल्या. आणि परवा मॅनेजर शांतपणे म्हणाला, "हे पुढच्या रिलीजला बघू." मराठीत ‘बघू’चा अर्थ काय होतो, ते वेगळं सांगायला नको!

घरी येऊन चहा घेऊन बसलो आणि आमच्या धंद्यातलं सगळ्यात गाजलेलं ‘बघू’ आठवलं. लाँगहॉर्न, म्हणजे पुढे जी विंडोज व्हिस्टा झाली ती.

विंडोज एक्सपी आली ऑक्टोबर २००१ मध्ये. तिचं टोपणनाव ‘व्हिस्लर’, आणि तिच्या नंतरच्या मोठ्या आवृत्तीचं ‘ब्लॅककोम्ब’. दोन्ही कॅनडातले स्कीइंगचे डोंगर. व्हिस्लरच्या पायथ्याशी ‘लाँगहॉर्न’ नावाचा एक बार आहे. दोन डोंगरांच्या मधली एक छोटीशी आवृत्ती काढायची, म्हणून तिला बारचं नाव दिलं. थोडक्यात, वाटेत घटकाभर टेकायचं ठिकाण. पण टेकले ते पाच वर्षं!

ऑक्टोबर २००३ मध्ये लॉस एंजेलिसच्या डेव्हलपर परिषदेत बिल गेट्स यांनी लाँगहॉर्न दाखवली. तिचे मुख्य खांब तीन: चित्रांसाठी ‘अॅव्हलॉन’, प्रोग्रॅम्सच्या आपसातल्या संवादासाठी ‘इंडिगो’ आणि माहिती साठवायला ‘विनएफएस’. सगळ्यात भारी होतं विनएफएस. फाइल कुठल्या फोल्डरात टाकली हे आपण लक्षातच ठेवायचं नाही. ‘मागच्या दिवाळीत मावशीने पाठवलेले फोटो’ असं विचारायचं. फोटो, मावशी आणि दिवाळी यांचं नातं मशीनला माहीत असणार, कारण खाली डेटाबेसचं तंत्र. नव्वदच्या दशकात ‘कैरो’ प्रकल्पातही असंच काहीतरी येणार होतं. ते आलं नाही, पण तेव्हा हे कोण आठवतो?

मग घोडं कुठे अडलं? एकतर तिन्ही खांब एकदमच उभे करायचे होते, आणि प्रत्येकाचा भार दुसऱ्यावर. त्यात २००३ मध्येच स्लॅमर आणि ब्लास्टर या वर्म्सनी धुमाकूळ घातला. चांगली चांगली माणसं एक्सपीची भगदाडं बुजवायला गेली. त्यातून ऑगस्ट २००४ मध्ये सर्व्हिस पॅक २ आला. त्याआधी, जुलैमध्ये, विंडोजचे प्रमुख जिम ऑलचिन यांनी गेट्स यांना तोंडावर सांगितलं होतं की हे असं काही जमणार नाही. झालेलं बरंचसं काम बाजूला ठेवून सर्व्हर २००३ च्या पायावर पुन्हा सुरुवात झाली. २७ ऑगस्ट २००४ ला कंपनीने जाहीर केलं: लाँगहॉर्न २००६ मध्ये येईल, विनएफएस तिच्यात नसेल, नंतर येईल. जून २००६ मध्ये त्या ‘नंतर’चाही निकाल लागला. स्वतंत्र विनएफएस कधीच आलं नाही.

व्हिस्टा ३० जानेवारी २००७ ला दुकानात आली. लोकांनी नावं ठेवली. पण तिच्याच पायावर २००९ मध्ये आलेली विंडोज ७ मात्र डोक्यावर घेतली.

आता आपल्या घरातलं. एक्सपीवर मराठी नीट दिसायला कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एक चौकट टिक करायची आणि विंडोजची सीडी घालायची. नाहीतर अक्षरांऐवजी डबे, किंवा ऱ्हस्व वेलांटी भलत्याच जागी! मी तेव्हा चौथीत होतो. ती सीडी शोधताना मामाची झालेली चिडचिड अजून आठवते. व्हिस्टात ही कटकट संपली. देवनागरी पहिल्यापासूनच चालू. टाळ्या विनएफएसला पडल्या, पण मामाच्या घरी पोचली ती ही बिनटाळ्यांची सोय.

असो. सांगायचा मुद्दा, फीचर कापलं जाण्यात लाज नाही. ऑलचिन जे बोलले ते वर्षभर आधी बोलता आलं असतं, तर कितीतरी जणांच्या रात्री वाचल्या असत्या. मॅनेजरचं म्हणणं, क्लायंटला ‘लवकरच येतंय’ असं कळवू. पण डेमो मी दिला होता, टाळ्या मी घेतल्या होत्या. सोमवारी फोन मीच करणार आणि सरळ सांगणार: हे या रिलीजमध्ये नाही, पुढच्यात येईलच असं आज सांगता येत नाही. त्याऐवजी काय नक्की मिळेल, त्याची यादी आत्ता बनवतोय. छोटी आहे, पण खरी आहे.