कोणत्या देशात जावे? पांडुरंग खानखोजे यांचा शोध

दिवाळी आटोपली, भात-नागलीची कापणी-मळणी उरकली, की जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरून कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांकडे निघतात. कुठे उचल जास्त मिळते, कोणता मुकादम शब्द पाळतो, याची तुलना घरोघरी आधीच झालेली असते. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून आयटीआय झालेली इथली काही मुलेही तुलना करतात; भिवंडी-वसईच्या जागी जर्मनी, जपान, आखात एवढाच फरक. मित्रहो, शंभर वर्षांपूर्वी वर्ध्याच्या एका तरुणाने हाच प्रश्न एकामागून एक देश पालथे घालून सोडवला. आजचा थ्रेड त्याच्याविषयी.

पांडुरंग सदाशिव खानखोजे यांनी प्रथम जपान गाठला. १९०५ मध्ये रशियाला नमवणारा हा देश हिंदी तरुणांना आशियाचा सूर्य वाटत होता. परंतु १९०२ पासून जपान ब्रिटनचा मित्र होता. ब्रिटिशविरोधी क्रांतिकारकाला तो उघड आश्रय देणार तरी कसा?

मग अमेरिका. येथे पोटासाठी पडेल ते काम करीत खानखोजे ओरेगॉन आणि वॉशिंग्टन राज्यांत शेतीशास्त्र शिकले. प्रयोगशाळा, ग्रंथालये, मोकळे प्राध्यापक, सारे काही होते. पण त्याच किनाऱ्यावर १९०७ मध्ये बेलिंगहॅम गावात गोऱ्या जमावाने लाकूड गिरण्यांतील हिंदी मजुरांना मारहाण करून हुसकावून लावले होते. १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानातून मजुरीसाठी येणाऱ्यांना दार बंद झाले, आणि १९२३ मध्ये भगतसिंग थिंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस ‘गोरा’ नसल्याने नागरिकत्वास अपात्र ठरवला. (हे थिंद म्हणजे हुतात्मा भगतसिंग नव्हेत, दरवेळी कुणीतरी विचारतेच!) ज्ञान देणारा देश घर देईलच, असे नसते.

गदर चळवळ आणि पहिल्या महायुद्धातील इराणची मोहीम हा स्वतंत्र थ्रेडचा विषय आहे. युद्धानंतर ते बर्लिनमध्ये राहिले. जर्मनीला हिंदी क्रांतिकारक हवे होते ते ब्रिटनशी लढाई चालू असेतोवर. पराभूत, महागाईने पोखरलेल्या देशात परक्या शेतीतज्ज्ञाला स्थिर काम मिळणे अवघडच होते.

१९२४ मध्ये ते मेक्सिकोस पोहोचले. पगाराच्या तक्त्यात हा देश कोणीच वर ठेवला नसता. तरीही चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात त्यांना अध्यापनाची जागा मिळाली, आणि याचे कारण माझ्या मते औदार्यापेक्षा गरज हे आहे. १९१० च्या क्रांतीनंतर, १९१७ च्या राज्यघटनेनुसार तेथे मोठ्या जमीनदारांच्या जमिनी गावांकडे येऊ लागल्या होत्या. जमीन वाटता येते. बियाणे कसे निवडावे हे मात्र शिकवावे लागते.

खानखोजे यांनी मक्याच्या संकरावर संशोधन केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा उभारल्या. चित्रकार दिएगो रिवेरा या कार्यात त्यांच्यासोबत होते. छायाचित्रकार तिना मोदोत्ती यांनी त्यांच्या कणसांची छायाचित्रे घेतली. त्या शाळांविषयी वाचताना मला वारंवार मोखाड्याचे उतार आठवले: पावसाच्या भरवशावरची नागली, वरई, आणि पीक घरात येताच मोकळे पडणारे हात. तेथल्या डोंगराळ गावांतला शेतकरीही असाच आभाळाकडे पाहून मका पेरीत होता.

१९३६ मध्ये त्यांनी जान सिंदिक या बेल्जियन स्त्रीशी विवाह केला. स्वदेशाचे दार मात्र सर्वांत उशिरा उघडले. १९५५ मध्ये ते सहकुटुंब भारतात स्थायिक झाले आणि २२ जानेवारी १९६७ रोजी नागपुरात निवर्तले.

आणि अमेरिका? तिने हिंदी लोकांना नागरिकत्वाचा हक्क दिला १९४६ मध्ये, वर्षाला शंभर जणांच्या कोट्यासह. तोवर खानखोजे यांना मेक्सिकोत बावीस वर्षे झाली होती.