सोयाबीन, गलगंड आणि संप्रेरके : एका आहारविषयक शंकेचा इतिहास

भीमेच्या खोऱ्यातील पाटस-दौंड भागाचा पिढीजात आहार म्हणजे ज्वारी-बाजरीची भाकरी आणि तिच्या जोडीला तूर, मटकी, हुलगा यांसारखी कडधान्ये. त्यांत सोयाबीन नाही. महाराष्ट्राच्या शेतीत या पिकाने आज मोठे स्थान मिळविले असले, तरी त्याचा दाणा मुख्यतः तेलाच्या कारखान्याकडे जातो. घरोघरच्या ताटात तो फारसा रुळलेला नाही. शिवाय, सोयाबीन संप्रेरकांचा समतोल बिघडविते, अशी शंका वारंवार घेतली जाते. ही शंका नवी नव्हे.

गरिबांना स्वस्त प्रथिन मिळावे, या विचाराने म. गांधींनी १९३५ साली 'हरिजन' पत्रातून सोयाबीनचा पुरस्कार केला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचे आहारप्रयोग झाले. बडोदे संस्थानातही याच सुमारास प्रचार चालू होता, एफ. एस. काळे यांचा सोयाबीनवरील इंग्रजी ग्रंथ १९३६ साली तेथील सरकारी छापखान्यातून बाहेर पडला.

परंतु या प्रचाराच्या आधीच, १९३३ साली, कुन्नूर येथील आहारसंशोधक रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनी सोयाबीन व भुईमूग यांच्या गलगंडकारक गुणाविषयी निबंध प्रसिद्ध केला होता. म्हणजे एकाच देशात, दोन वर्षांच्या अंतराने, एकाच दाण्याविषयी आशा आणि धोक्याची सूचना अशी दोन्ही व्यक्त झाली. त्यांपैकी कोणती खरी मानावयाची?

या प्रश्नाचा उलगडा पुढे अमेरिकेत झाला. १९५९-६० च्या सुमारास सोयाबीनच्या पिठापासून केलेल्या दुधावर वाढणाऱ्या काही अर्भकांना गलगंड झाल्याचे आढळले. आहारात आयोडीनची भर घालताच तो ओसरला. सोयाबीनमधील आयसोफ्लाव्होन द्रव्ये थायरॉईड संप्रेरक घडविणाऱ्या विकराला अडथळा करतात, हे १९९७ साली प्रयोगशाळेत दाखविण्यात आले. तथापि आयोडीन पुरेसे असलेल्या निरोगी प्रौढांत या अडथळ्याचा परिणाम नगण्य आढळतो. तेव्हा मॅक्कॅरिसन यांची सूचना निराधार नव्हती. मात्र दोष एकट्या दाण्याचा नसून आयोडीनच्या उणिवेचाही होता.

दुसरी शंका स्त्रीसंप्रेरकांविषयी. १९४० नंतरच्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात क्लोव्हर चरणाऱ्या मेंढ्यांत वंध्यत्व पसरले. त्या वनस्पतीतील इस्ट्रोजेनसदृश द्रव्ये आणि सोयाबीनमधील जेनिस्टीन एकाच वर्गातील असल्याने भीती माणसांपर्यंत पोचली. परंतु मेंढी दिवसभर तोच चारा खाते. माणूस सोयाबीन भाजी-भाकरीबरोबर खातो. शिवाय जेनिस्टीनचा प्रभाव शरीरातील इस्ट्रोजेनहून पुष्कळच क्षीण असतो. पुरुषांवरील प्रयोगांच्या २०१० सालच्या एकत्रित परीक्षणातही टेस्टोस्टेरॉनमध्ये घट दिसली नाही.

मात्र सर्वांना एकच न्याय लावता येत नाही. थायरॉईडच्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णांत सोयाबीन औषधाच्या शोषणास बाधा आणू शकते. म्हणून गोळी आणि सोयाबीनचे पदार्थ यांत अंतर ठेवणे इष्ट.

तात्पर्य, मगनवाडीची आशा आणि कुन्नूरची सूचना परस्परविरोधी नव्हत्या. एकीने दाण्यातील प्रथिन पाहिले, दुसरीने त्या दाण्याची ग्रंथीवरील क्रिया. कोणत्याही अन्नाचा गुणदोष त्याच्या एकट्याच्या पृथक्करणावरून ठरत नाही. खाणाऱ्याची प्रकृती आणि त्याचे संपूर्ण ताट विचारात घ्यावेच लागते, हा या इतिहासाचा निष्कर्ष होय.