विक्रमांच्या वहीतला रिकामा रकाना

दूरचित्रवाणीचा इतिहास मी कुठल्या विद्यापीठात शिकलो नाही. हाती लागेल ते वाचायचे आणि वहीत टिपायचे, एवढीच माझी पद्धत. अमेरिकेतल्या एमी पुरस्कारांची अशीच एक वही माझ्याकडे आहे. तिच्यात मी वर्षानुवर्षे एकच प्रश्न सोडवत होतो : सर्वाधिक पुरस्कार कोणाला? हा प्रश्नच अपुरा आहे, हे फार उशिरा ध्यानात आले.

पहिला सोहळा २५ जानेवारी १९४९ रोजी हॉलिवूड अ‍ॅथलेटिक क्लबात झाला. तिकीट पाच डॉलर. विचार फक्त लॉस एंजेलिस परिसरातल्या कार्यक्रमांचा आणि पुरस्कार अवघे सहा. पहिला मान मिळाला शर्ली डिन्सडेल या शब्दभ्रमकार तरुणीला, तिच्या ‘ज्युडी स्प्लिंटर्स’ या बोलक्या बाहुलीसह. रामदास पाध्यांचा अर्धवटराव पाहत मोठ्या झालेल्या आपल्या पिढीला यात नवल वाटू नये.

आता २०२४ पाहा. ‘शोगुन’ या मालिकेने एकाच हंगामात १८ पुरस्कार मिळवले. पहिल्या संपूर्ण सोहळ्याच्या तिप्पट! बरेचसे संवाद जपानीत असलेल्या मालिकेने हा विक्रम करावा, हे विशेषच. पण १८ पैकी १४ पुरस्कार मुख्य सोहळ्याआधीच, वेशभूषा, रंगभूषा, ध्वनी, संकलन अशा विभागांत मिळाले होते. विभागांची संख्या आता शंभरावर गेली आहे. आठ हंगामांत ५९ पुरस्कार मिळवणाऱ्या ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या यशातही पडद्यामागच्या कारागिरांचा वाटा मोठा. दोन खोल्यांत घडणारी विनोदी मालिका कितीही सरस असली, तरी तिच्यापुढे एवढी दारे उघडी नसतात. म्हणजे विक्रमाचा आकडा गुणवत्तेइतकाच नियमांचाही इतिहास सांगतो.

आणि अँजेला लॅन्सबरी? प्राइमटाइम एमीची १८ नामांकने. त्यांतली १२ एकट्या ‘मर्डर, शी रोट’साठी, म्हणजे मालिकेच्या प्रत्येक हंगामाला एक. पुरस्कार मात्र एकही नाही. रंगभूमीवर अनेक टोनी पुरस्कार मिळवणारी ही अभिनेत्री २०२२मध्ये गेली, तेव्हाही एमीचा रकाना कोराच होता. दिवसा दाखवल्या जाणाऱ्या मालिकांच्या एमीत सुझन लुची १८ वेळा रिकाम्या हाती परतली. १९९९मध्ये एकोणिसाव्या नामांकनाला तिला यश आले. त्यामुळे तिची गोष्ट सांगितली जाते. लॅन्सबरीच्या गोष्टीला तसा शेवट नाही.

विजेत्यांच्या यादीवरून त्या बारा वर्षांचा इतिहास लिहायला बसलो, तर ती सापडणारच नाही. माझ्या वहीत ती कित्येक वर्षे नव्हतीच. चूक माझी होती. आता मी वहीत नामांकनांचा रकाना आधी आखतो आणि विजेत्यांचा नंतर.