मुद्राक्षरांचे माप : नावाकडून आकड्याकडे

‘बारा पॉइंट’ म्हटले म्हणजे अक्षराची उंची बारा पॉइंट, असा सामान्य समज आहे. तो बरोबर नाही. हे माप कागदावर उमटणाऱ्या अक्षराचे नसून, ते ज्या धातूच्या खिळ्यावर ओतलेले असे त्या खिळ्याच्या अंगाचे होय. खिळे एकाखाली एक ओळींत बसवावे लागत. जुळाऱ्याचे काम अंगाच्या मापावर चाले, अक्षराच्या दर्शनावर नव्हे.

प्रारंभी या मापांना आकडे नव्हते, नावे होती. फ्रान्समध्ये ‘सिसेरो’, इंग्लंडात ‘पायका’, ‘लाँग प्रायमर’, ‘ब्रेव्हिअर’ अशी नावे रूढ होती. परंतु एका कारखान्याचा पायका दुसऱ्याच्या पायकाशी जुळेलच असा भरवसा नसे. नाव एक आणि वस्तू अनेक, अशी ही अवस्था होती.

पॅरिसचा ओतारी प्येर सिमों फूर्निए याने १७३७ मध्ये पॉइंटांचे कोष्टक प्रसिद्ध करून नावांमागे आकडा उभा केला. तथापि त्याने घेतलेला इंच राजमान्य मापाशी जुळणारा नव्हता. त्याची मापपट्टी कागदावर छापलेली होती. त्या काळी कागद ओलसर करून छापीत आणि वाळताना तो आक्रसे. फ्रान्स्वा आंब्रवाज दिदो याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंच राजमापाच्या इंचाचा ७२ वा भाग हाच पॉइंट ठरविला. तो सुमारे ०.३७६ मिलिमीटर भरतो.

अमेरिकेतील ओताऱ्यांच्या संघाने १८८६ मध्ये निराळा मार्ग धरला. ८३ पायका म्हणजे ३५ सेंटिमीटर आणि १२ पॉइंट म्हणजे एक पायका, असे त्यांनी ठरविले. हा पॉइंट सुमारे ०.३५१ मिलिमीटरचा. ब्रिटिश ओताऱ्यांनी १८९८ मध्ये तो स्वीकारला. परिणामी बारा पॉइंटांचे अंग दिदोच्या मापाने ४.५१, तर अमेरिकन मापाने ४.२२ मिलिमीटर भरू लागले. पुढे १९८० नंतरच्या संगणकीय मुद्रणात इंग्रजी इंचाचा नेमका ७२ वा भाग हा पॉइंट रूढ झाला.

देवनागरीच्या दृष्टीने या इतिहासाचे महत्त्व विशेष आहे. शिरोरेषेवर वेलांटी, मात्रा व रफार, खाली उकार आणि जोडाक्षरांची उतरंड, या सर्वांना त्याच अंगात जागा द्यावी लागते. साहजिकच मूळ अक्षराच्या वाट्याला उंची कमी येते, आणि बारा पॉइंटांचा ‘क’ त्याच मापाच्या रोमन अक्षराशेजारी बहुधा लहान भासतो. आज खिळा नाहीसा झाला, तरी त्याचे अंग एका अदृश्य चौकटीच्या रूपाने शिल्लक आहे. म्हणून बालवाचकांच्या पुस्तकांसाठी रोमन लिपीचे आकडे जसेच्या तसे उचलणे युक्त नाही. आकडा समान असला, तरी वाचकाच्या डोळ्यांस मिळणारे अक्षर समान नसते.